धान्यांतील कीड : विषारी गोळी कीं हवाबंद पोतें ?

तुरीची रास झाली, पोतीं भरून घरीं आलीं आणि माजघराच्या भिंतीशीं थप्पी लागली, म्हणजे शेतकऱ्याचें काम संपलें असें समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वास्तविक त्याच दिवशीं दुसऱ्या एका धन्याचें काम सुरू होतें. हा धनी खळ्यांतूनच, पुष्कळदां तर शिवारांतील वाळत्या शेंगेवरूनच, पोत्यांत बसून घरीं आलेला असतो. तुरीच्या दाण्यावर चिकटलेलें त्याचें पांढुरकें अंडें मोहरीहूनहि बारीक; तें सहसा कोणाच्या नजरेस येत नाहीं. अळी दाण्याच्या आंत शिरते, आंतील गर खाऊन वाढते, आणि तीन-चार आठवड्यांनीं दाण्यास वाटोळी खिडकी पाडून भुंगेरा बाहेर पडतो. एका मादीपासून सत्तर-ऐशीं अंडीं आणि उन्हाळ्यांत महिन्यागणिक एक पिढी; हा हिशेब शाळेंतील पोरासहि करतां येईल, परंतु त्याचें उत्तर मात्र ज्येष्ठांत पोतें उघडल्यावरच आपणांस कळतें. ज्वारी व गहूं यांत सोंडकिडा हेंच काम करतो; त्याची मादी तर दाण्यास भोंक पाडून, आंत अंडें घालून, वरून तें भोंक लिंपूनहि टाकते.

या नुकसानीचे आंकडे वजनांत सांगण्याची चाल आहे. लुधियाना येथील केंद्रीय संस्थेनें केलेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत कापणीपासून सांठवणीपर्यंतची एकंदर घट तृणधान्यांत सुमारें साडेचार ते सहा टक्के आणि कडधान्यांत सुमारें सहा ते साडेआठ टक्के आढळली. ही सगळीच घट किडीनें होते असें नाहीं. कापणी, मळणी व वाहतूक यांतील सांडलवंड तींत आलीच. परंतु आमच्या मतें खरें नुकसान या आंकड्यांत मोजलेंच जात नाहीं. पौष-माघांत सर्व गांवांची तूर एकदम बाजारांत लोटते, भाव खालीं बसलेला असतो, हें शेतकऱ्यास स्वच्छ दिसत असतें. तरीहि तो विकतो. कां विकतो ? देणें असतें हें एक, आणि घरीं ठेवली तर किडेल ही धास्ती हें दुसरें. या दुसऱ्या कारणापुरता भुंगेरा हा व्यापाऱ्याचा बिनपगारी दलालच होय. खरेदीदारानें मूठभर तूर हातावर घेऊन चार भोकांचे दाणे दाखविले कीं शेतकऱ्याची जीभ तेथेंच अडते.

या शत्रूवर आज बहुतेक घरांत जो उपाय चालतो त्याबद्दल आम्हांस प्रथम स्पष्ट लिहिणें भाग आहे. तो उपाय म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. हवेंतील ओलीशीं संबंध येतांच तीन ग्रॅमच्या एका गोळींतून सुमारें एक ग्रॅम फॉस्फिन वायु निघतो, आणि तो दाण्याच्या आंत शिरून अळीस मारतो. औषध गुणकारी आहे याविषयीं वाद नाहीं. बंदिस्त गोदामांत, ताडपत्रीखालीं, शिकलेल्या माणसाच्या हातून तें वापरलें जावें यासहि आमची हरकत नाहीं. देशाचीं सरकारी कोठारें कित्येक दशकें याच वायूवर राखलीं गेलीं आहेत. परंतु माजघर हें गोदाम नव्हे. तेथें धान्याच्या थप्पीशेजारीं पाळणा टांगलेला असतो.

वाचकांनीं एक लहानसा हिशेब करून पाहावा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा खोलींत एका गोळीचा वायु पसरला, तर हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें पंचवीस भाग होतात. अमेरिकेंत कारखान्यांतील धडधाकट कामगारास दिवसाच्या आठ तासांच्या सरासरीनें या वायूचा जो अंश चालेल असें ठरविलेलें आहे, तो दहा लक्षांत ०.३ भाग इतकाच आहे. आणि पन्नास भाग झाले म्हणजे जीवास तत्काळ धोका, असें तेथील तज्ज्ञ मानतात. म्हणजे दोन गोळ्यांत आपलें माजघर त्या मर्यादेस जाऊन भिडतें. आणि आपल्याकडे पोत्यास एक-एक गोळी, वर एक ‘असूं दे’ म्हणून, असें माप चालतें ! या वायूवर उतारा म्हणून कोणतेंहि औषध नाहीं. धान्याला गोळ्या लावून शेजारच्या खोलींत निजलेल्या माणसांस, विशेषतः लहान मुलांस, बाधा होऊन मृत्यु आल्याच्या घटना आपल्या देशांत एकदां नव्हे, अनेकदां घडल्या आहेत. दुःखानें वा रागानें हीच गोळी गिळून आपलाच घात करून घेणाऱ्यांची गोष्ट तर आम्ही येथें काढीतहि नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, जी वस्तु घरांत नसेल ती त्या एका वाईट घटकेस हातीं लागणार नाहीं.

कायदा याबाबतींत झोंपलेला आहे असें कोणी समजूं नये. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं ही गोळी वापरण्याचा अधिकार सरकारी खातीं, सरकारी संस्था व परवानाधारक कीडनियंत्रक यांनाच, तोहि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं, ठेविलेला आहे. दहा व वीस गोळ्यांच्या नळ्या विकण्यास तर साफ मनाई आहे. तरीहि ती खेड्यापाड्यांत सुटी मिळते, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं. विकणारा दोषी आहे खराच. परंतु मागणारे आपण आहों, आणि आपल्यापुढें दुसरा उपाय कोणी नीट मांडला नाहीं म्हणून आपण मागतों. यास्तव केवळ ‘गोळी वापरूं नका’ असें छापून मोकळें होणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें.

शिवाय गोळीची धारहि बोथट होत चालली आहे. अन्न व शेतकी संघटनेनें १९७२-७३ सालीं जगभर जी पाहणी केली तींतच फॉस्फिनला न जुमानणारे किडे आढळले होते, आणि त्यानंतर आपल्या देशांतहि दाणे पोखरणारा भुंगेरा व पिठांतील तांबडा भुंगेरा यांच्या अशा चिवट जाती ठिकठिकाणीं सांपडल्या आहेत. याचें कारण उघड आहे. फटींच्या खोलींत वा गळक्या ताडपत्रीखालीं गोळी ठेविली म्हणजे वायु निसटतो, दुबळे किडे मरतात, दणकट उरतात, आणि पुढची सर्व प्रजा त्या दणकटांची होते. मिथिल ब्रोमाइड हा दुसरा जुना वायु तर आकाशांतील ओझोनच्या थरास अपाय करतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराच्या योजनेप्रमाणें, निर्यातीच्या व रोगबंदीच्या कामापुरता वगळून, २०१५ पर्यंत आपल्यासारख्या देशांतूनहि निघाला. तेव्हां विष वाढवीत जाण्याचा मार्ग फार दूर जाणारा नाहीं.

आतां दुसरा मार्ग. किड्यास विष देण्याऐवजीं त्याचा श्वास बंद करावा, हा तो मार्ग होय. आणि हा विलायतेहून आलेला आहे असें मानण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या आजोबांनीं पेंवांत ज्वारी भरली त्यांस तो वंशपरंपरेनें ठाऊक आहे. घट्ट मुरमाड जमिनींत अरुंद तोंडाचा व रुंद पोटाचा खड्डा काढावयाचा, बाजूंस कडबा व भुसा लावावयाचा, ज्वारी ओतावयाची आणि तोंड दगडमातीनें लिंपून टाकावयाचें. आंत कोंडलेल्या हवेंतील प्राणवायु दाणे, किडे व बुरशी मिळून श्वासावाटे संपवितात, त्याच्या जागीं कर्बाम्ल वायु म्हणजे कार्बन डाय ऑक्साइड सांचतो, आणि किडा आपल्याच उच्छ्वासांत गुदमरून मरतो. सांगलीजवळील हरिपूर येथें हळदीचीं पेंवें याच तत्त्वावर पिढ्यान् पिढ्या चाललीं. २००५ च्या कृष्णेच्या महापुरानें त्यांची मोठी हानि केली. पेंव उघडल्याबरोबर खालीं उतरलेला गडी वर आला नाहीं, अशा गोष्टी जुन्या माणसांनीं सांगितलेल्या पुष्कळांनीं ऐकल्या असतील. ज्या हवेनें गडी मरतो त्याच हवेनें किडा मरतो; तत्त्वाची सत्यता सिद्ध करण्यास याहून निराळा पुरावा नको. तथापि पेंवाचें गुणगान करून आम्ही थांबत नाहीं. कडेची ज्वारी ओल लागून काळवंडते, तिला पेंवाचा म्हणून एक वास येतो, पाऊस जास्त झाला कीं खालून पाणी फुटतें, आणि माणसाच्या जिवाचा धोका तर आहेच. तत्त्व ठेवावें व खड्डा सोडावा, असें आमचें मत आहे.

हें तत्त्व मापून पाहण्याचें काम मात्र प्रयोगशाळांतच झालें. पहिल्या महायुद्धांत गहूं दीर्घकाळ सांठवून ठेवण्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हां लंडनच्या रॉयल सोसायटीनें धान्यकिडीसंबंधानें एक समिति नेमली, आणि तिच्यासाठीं आर्थर डेंडी यांनीं १९१८ सालीं हवाबंद सांठवणीचा सोंडकिड्यांवर काय परिणाम होतो याचा अहवाल लिहिला. पुढें १९५५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत बेली यांनीं दाखविलें कीं, बंद भांड्यांत किडा मरतो तो मुख्यतः प्राणवायु संपल्यामुळें, आणि त्यासाठीं तो अंश शेंकडा दोनच्या आसपास वा त्याखालीं जावा लागतो. साध्या हवेंत प्राणवायु शेंकडा एकवीस असतो हें ध्यानांत घेतां, ही उतरण केवढी मोठी आहे हें दिसून येईल.

येथेंच एका प्रचलित समजुतीचा समाचार घेणें जरूर आहे. पुष्कळ घरांत कणगींत वा पत्र्याच्या कोठींत धान्यावर पेटता दिवा किंवा मेणबत्ती ठेवून झांकण लावतात, आणि दिवा विझला म्हणजे प्राणवायु संपला असें मानतात. दिवा विझतो तो प्राणवायु शेंकडा सोळा-सतरावर आला कीं. त्या हवेंत सोंडकिडा खुशाल संसार करतो. दिव्याचा उपयोग पेंवांत उतरण्यापूर्वीं माणसास इशारा देण्यापुरता आहे. किड्यास मारण्यास तो अगदींच तोकडा आहे.

मग हा अंश दोनापर्यंत उतरवावयाचा कोणी ? तर खुद्द किड्यानेंच. पन्नास किलो तुरीच्या पोत्याचा विचार करूं. दाण्यांच्या मधल्या पोकळींत सुमारें पंचवीस लिटर हवा असते आणि तींत प्राणवायु अवघा पांच लिटर. पोतें खरोखर हवाबंद असेल तर आंतील किडे व अळ्या एवढा सांठा थोड्याच दिवसांत संपवितात. किडे जितके अधिक तितका तो लवकर संपतो. किडे थोडे असले तर प्राणवायु हळूहळू उतरतो, परंतु अंश कमी होऊं लागतांच त्यांचें खाणें मंदावतें व पैदास थांबते. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं याचें एक मोठें मौजेचें कारण प्रसिद्ध केलें. कोरड्या दाण्यांत राहणाऱ्या अळीस प्यावयास पाणी नसतें. खाल्लेला पदार्थ प्राणवायूनें जाळून जें पाणी तयार होतें त्यावरच ती जगते. प्राणवायु तुटला कीं तें पाणीहि तुटतें, आणि अळी गुदमरण्याइतकीच तहानेनें मरते. कर्बाम्ल वायु वाढला म्हणजे किड्याचीं श्वासरंध्रें उघडींच राहतात आणि अंगांतील उरलेली ओलहि निघून जाते.

याच मर्डॉक यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेंतील कॅमेरूनमध्यें चवळी पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्यांसाठीं तिहेरी पोत्याची रीत बसविली. आंत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एकींत एक, आणि बाहेर रोजच्या वापरांतील विणलेलें पोतें. धान्य भरावयाचें, दाबून हवा काढावयाची, आंतली पिशवी पिळून दोरीनें घट्ट बांधावयाची, मग दुसरी, मग पोतें. इतकेंच. २००७ पासून नायजर, नायजेरिया, बुर्किना फासो अशा देशांत या पोत्यांचा मोठा प्रसार झाला. आम्ही हें उदाहरण मुद्दाम देतों. तेथील शेतकरी आपल्याहून श्रीमंत नाहीं, तेथील ऊन आपल्याहून सौम्य नाहीं, आणि चवळीचा भुंगेरा हा आपल्या तूर-मुगाच्या भुंगेऱ्याचा सख्खा भाऊ आहे. जें तेथें साधलें तें लातूर-अकोल्याच्या बाजूस कां साधूं नये ?

मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट बाहेरून वायु सोडून करतात. इंडोनेशियांत सरकारी तांदळाच्या थप्प्या प्लास्टिकच्या चादरींत सीलबंद करून त्यांत कर्बाम्ल वायु भरीत; चीनच्या सरकारी कोठारांत नत्रवायु भरतात; अर्जेंटिनांत दोनशें टन मावेल अशी लांबच लांब नळीसारखी पिशवी शेतांतच पसरून ठेवतात. कर्बाम्ल वायु आरंभीं शेंकडा सत्तरवर असावा व दहा दिवसांत तो पस्तीसच्या खालीं उतरूं नये, असें एक मान्य प्रमाण आहे. नत्रवायु भरून प्राणवायु शेंकडा एकवर आणला तर तीन-चार आठवडे लागतात. थंडींत यास अधिक काळ लागतो, कारण किडा गारठला म्हणजे श्वासहि सावकाश घेतो. खापऱ्याची अळी सर्वांत चिवट. तिच्याकरितां मुदत वाढवावीच लागते. एकट्या शेतकऱ्यानें नळकांड्यांच्या भानगडींत पडावें असें आम्ही म्हणत नाहीं. तें गोदामांचें काम आहे.

घरच्या शेतकऱ्यानें मात्र एक अट जिवापाड पाळली पाहिजे, आणि ती न पाळणाऱ्यानें हवाबंद पोत्याच्या वाटेस न गेलेलेंच बरें. धान्य कोरडें पाहिजे. तागाच्या पोत्यांतून ओल बाहेर जाऊं शकते; प्लास्टिकमध्यें ती कोंडते. ओल असलेली ज्वारी वा मका आंत बांधली तर कीड मरेल, परंतु धान्य कुबट होईल, बुरशी धरील, आणि मका व भुईमूग यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें बुरशीचें विष उत्पन्न होण्याचा संभव राहील, जें धुतल्यानें वा शिजविल्यानें जात नाहीं. ज्वारी-गव्हांत ओल शेंकडा बारापेक्षां अधिक नसावी, कडधान्यांत नऊ-दहा असावी. दांताखालीं दाणा कट्‌कन फुटला म्हणजे तो वाळला, ही परीक्षा सर्वांच्या अंगवळणीं पडलेली आहे, पण तिचा भरंवसा धरूं नये. दुसरी सोपी परीक्षा अशी : कोरड्या कांचेच्या बरणींत चार मुठी धान्य व एक मूठ अगदीं कोरडें मीठ घालून झांकण लावावें व चार मिनिटें हलवावें. मीठ बरणीच्या अंगास चिकटलें तर ओल पंधरांच्या वर आहे, पुन्हां ऊन द्यावें. न चिकटलें तरी एक दिवस आणखी ऊन द्यावें असें आम्ही म्हणूं, कारण पंधरा व बारा यांमधील अंतर मीठ सांगत नाहीं. उन्हांतून काढलेलें धान्य गरम असतांनाच भरूं नये. रात्रभर निवूं द्यावें, नाहींतर पिशवीच्या आंतल्या अंगास घाम धरतो.

कोंकणांतील आमच्या वाचकांनीं याबाबतींत दुप्पट सावध असावें. तेथें भात मळून होतो तोंच हवेंत ओल असते, आणि पावसाळ्यांत उघडें ठेवलेलें वाळलेलें धान्यहि पुन्हां ओल शोषतें. म्हणजे कोंकणांत हवाबंद पोत्याची गरजहि देशावरच्यापेक्षां अधिक आणि चुकीची शिक्षाहि अधिक. मार्गशीर्ष-पौषांतील कोरड्या उन्हांत भात वाळवून त्याच वेळीं बांधून टाकावें. शिमग्याची वाट पाहूं नये.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. पिशवी अर्धीच भरली तर वरची हवा किड्यास पुरते. म्हणून पूर्ण भरावी, नाहींतर वरचा भाग पिळून दाण्याशीं बांधावा. तुरीच्या तुसांनीं वा काडीकचऱ्यानें बारीक भोंक पडतें. धान्य उफणून-चाळून भरावें. उंदरापुढें प्लास्टिक टिकत नाहीं, म्हणून पोतीं घडवंचीवर, भिंतीपासून हातभर दूर. आणि रोज उघडझांक करूं नये. घरखर्चाची ज्वारी हवाबंद पोत्यांत ठेवून दर चार दिवसांनीं शेरभर काढणारीनें मग पोतें कुचकामी आहे असा बोल लावूं नये. महिन्याचें धान्य डब्यांत काढावें, पोतें पुन्हां बांधावें, आणि एक संपल्यावांचून दुसरें उघडूं नये. बियाण्याचें धान्य नीट वाळलेलें असल्यास यांत उगवणशक्ति चांगली टिकते. ओलें बीं मात्र प्राणवायूवांचून मरतें. येथें राख, कडुनिंबाचा पाला, बिब्बा, एरंडेल या आपल्या जुन्या उपायांची आठवण वाचकांस होईल. घरच्या डाळीच्या डब्यास ते पुरेसे आहेत आणि ते टाकावेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. दहा-वीस क्विंटल तूर आषाढापर्यंत ठेवावयाची तर ते पुरत नाहींत, एवढेंच.

किंमतीचा आक्षेप अर्थातच निघेल. हवाबंद पोतें तागाच्या पोत्याच्या कित्येक पट महाग पडतें. तें जपल्यास दोन-तीन हंगाम जातें, हें खरें. तरी पहिल्या वर्षीं रोख पैसा लागतोच, आणि तो नेमका अशा वेळीं लागतो जेव्हां घरांत मजुरीलाहि पैसा नसतो. आम्हांस या आक्षेपाचें उत्तर व्यक्तीनें नव्हे, मंडळीनें द्यावयाचें आहे असें वाटतें. पन्नास सभासदांनीं मिळून एकदम मागविलीं तर किंमत उतरते, माल पारखून घेतां येतो, आणि बनावट पातळ पिशव्यांपासून बचाव होतो. पातळ पिशवीची शंका आम्ही उगीच काढीत नाहीं; पिशवीची जाडी व तिची हवा रोखण्याची शक्ति डोळ्यांस दिसत नाहीं, आणि जें डोळ्यांस दिसत नाहीं तें बाजारांत पहिल्यानें पातळ होतें. सरकारनें अनुदान द्यावें अशी मागणी कोणी पुढें आणील. मिळालें तर घ्यावें. परंतु त्याची वाट पाहत एक हंगाम घालविणें म्हणजे एक हंगाम भुंगेऱ्यास दान देणें होय.

दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. माल ठेवला म्हणजे भाव चढतोच असें कोठें आहे ? नाहींच. २०१५ सालीं तूरडाळ किरकोळ बाजारांत किलोस दोनशें रुपयांच्या घरांत गेली. तें पाहून पुढच्या वर्षीं सर्वांनीं तूर पेरली, आणि २०१७ च्या आरंभीं क्विंटलास ५०५० रुपये आधारभाव जाहीर असतां बाजारांत ती त्याहून खालीं विकावी लागली. त्या सालीं ज्यानें जुनी तूर राखून ठेवली त्याचा तोटाच झाला. म्हणून ‘ठेवा म्हणजे फायदा होईल’ असें आम्ही कोणासहि सांगत नाहीं. आमचें म्हणणें याहून माफक आहे : ठेवावें कीं विकावें हा निर्णय शेतकऱ्याचा असावा, किड्याचा नसावा. विकावयाचें तर भाव पाहून विकावें, भोकें पाहून नव्हे.

आणि देण्याची निकड असेल तर ? राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजारसमितीच्या गोदामांत माल ठेवून त्याच्या किंमतीच्या पाऊणपट रक्कम १८० दिवसांच्या मुदतीनें उचलतां येते. ही योजना आम्हांस फार मोलाची वाटते, पण तिची अर्धी ताकद गोदामाच्या भिंतींत आहे. सहा महिन्यांत माल किडला तर तारण कशाचें ? ज्या गांवीं सोसायटीचें वा समितीचें गोदाम आहे तेथील संचालकांस आमचा आग्रह आहे कीं, रंगरंगोटीपूर्वीं त्यांनीं दारांच्या फटी, पत्र्याखालच्या पोकळ्या व जमिनीच्या भेगा यांकडे पाहावें. जें गोदाम फॉस्फिन धरून ठेवीत नाहीं तें नत्रवायुहि धरणार नाहीं; दोहोंची गरज एकच आहे. संपूर्ण इमारत हवाबंद करणें न परवडल्यास थप्पीच्या खालीं व वर जाड चादर घेऊन तिच्या कडा जोडून टाकण्याची रीत आहे. एका थप्पीवर ती प्रथम करून पाहावी, आणि ती शिकलेल्या माणसाकडूनच करवावी, कारण त्या चादरीखालची हवा पेंवांतल्या हवेइतकीच घातक असते.

शेवटीं आमच्या सभासदांस एक विनंति. येत्या हंगामांत प्रत्येकानें निदान दोन पोतीं अशीं ठेवावींत : एकाच राशीची तूर वा हरभरा, सारखी वाळविलेली, सारखी तोललेली, एक नेहमींच्या तागाच्या पोत्यांत व एक हवाबंद पोत्यांत, गोळी कोणत्याहि पोत्यास न लावतां. दोन्हीं मृगाच्या सुमारास एकाच दिवशीं उघडावींत, पुन्हां तोलावींत, आणि प्रत्येकींतून शंभर दाणे मोजून त्यांत भोकांचे किती हें लिहावें. मालदांडी ज्वारीवाल्यांनीं ज्वारीवर हेंच करावें. गांव, धान्य, बांधण्याची व उघडण्याची तारीख, दोन्हीं वजनें आणि भोकांच्या दाण्यांची संख्या एवढेंच पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे धाडावें. ज्यांचें धान्य कुबट झालें त्यांनींहि तसें निःसंकोच कळवावें. आलेले सर्व आंकडे, चांगले व वाईट, आम्ही श्रावणाच्या अंकांत जसेच्या तसे छापूं.